लाल ठिपक्याची काच

फुकट काही बघायला मिळतंय म्हटलं की साहेबरावाला शिफ्टचा शीण आठवत नसे. पिंपरीच्या कामगार हॉलमध्ये पुण्याच्या कुठल्याशा संग्रहालयाने चित्रकला आणि सिनेमा असं प्रदर्शन मांडलं, तेव्हा त्याने बायकोमागे टुमणंच लावलं. सिनेमा नव्हे, सिनेमाची नुसती चित्रं आहेत, हे केसरबाईने परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी निमूट चपला घातल्या.

त्याच्याबरोबर सिनेमाला जाणं तिने केव्हाच सोडलं होतं, आणि त्याला कारण होतं. एका रविवारी साहेबराव कासारवाडीच्या तंबू टॉकीजमध्ये बसलेला असताना घरी त्याच्या आईचा, सोजराबाईचा, जीव एकाएकी घाबरा झाला. म्हातारीने लेकाच्या नावाचा धोशा लावला. तिला सोडून जाता येईना, म्हणून केसरबाईने शेजारच्या मारुतरावांना धाडलं. अशा वेळी टॉकीजवाले निरोप काचेवर लिहून पडद्यावर दाखवत. मारुतराव फाटकाशी ताटकळले. काच दाखवली, असं दारावरच्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं, तरी साहेबराव उठून आला नाही. आला तो खेळ सुटल्यावर, गाणं गुणगुणत. तोवर म्हातारी गेली होती.

"त्यांना कुणी काय बोलू नका," केसरबाईने मारुतरावांना बजावलं. "त्यांच्याच तोंडून येऊ द्या."

साहेबराव आईसाठी धाय मोकलून रडला, पण त्या काचेबद्दल चकार शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. आईपेक्षा ह्याला पिक्चर प्यारा, हे केसरबाईच्या मनात रुतलं ते रुतलंच. संसार झाला, डबा वेळेवर मिळाला, पण तिचा हात मायेने काही त्याच्या पाठीवरून फिरला नाही. बाई हट्टी खरीच.

हॉलमध्ये हाताने रंगवलेले बॅनर होते, नट्यांचे रंग भरलेले फोटो होते. कुणा चित्रकाराने सिनेमातले प्रसंग तैलरंगात उतरवले होते. तिथल्या नायकाचे गाल पाहून केसरबाईला बाजारातले टोमॅटो आठवले. साहेबराव मात्र प्रत्येक चित्रापुढे देवळात उभं राहावं तसा उभा राही.

कोपऱ्यात एक मदतनीस जुन्या काचा दिव्याच्या यंत्रात घालून भिंतीवर दाखवत होता. "ही निरोपाची काच. तंबू टॉकीजमधली आहे," तो म्हणाला. "कोपऱ्यात लाल ठिपका असतो. तो अंगठ्याखाली धरून काच सरकवायची, की अक्षरं सुलटी दिसतात."

त्याने तशीच सरकवली. भिंतीवर अक्षरं आली ती आरशातल्यासारखी उलटी. सगळे हसले.

"लिहिणाऱ्याने ठिपकाच भलत्या कोपऱ्यात दिलाय," मदतनीसही हसला. "तेव्हाही ही अशीच दिसली असणार."

"अगं, कासारवाडीला एकदा अशीच लागली होती!" साहेबराव खुलला. "काय शिट्ट्या हाणल्या आमी! 'काढ, काढ' म्हणून सगळ्यात मोठ्यानं मीच वरडलो. मग काढली त्यानं."

केसरबाई अजून भिंतीकडेच बघत होती. ती एकेक अक्षर लावून वाचणारी, तिला सुलटं काय नि उलटं काय. सा... हे... ब... राव. आई... सिरियस. घरी... या.

बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं, आणि आपण इतकी वर्षं त्याला मनातल्या मनात फाशी देत आलो. आपलीच तिला चीड आली, आणि त्याची दया आली.

"थांबा, सुलटी करून दाखवतो," मदतनीस म्हणाला आणि त्याने काच बाहेर ओढली.

साहेबराव मान उंचावून भिंतीकडे पाहू लागला. केसरबाईने त्याचं मनगट घट्ट धरलं. "अहो, चला. मला गरगरतंय."

"आता सुलटी दाखवतोय की तो!"

"नको. आधी बाहेर चला."

तिने त्याला ओढतच बाहेर आणलं. तिचे डोळे वाहत होते. तो घाबरा झाला, पाणी आणायला निघाला, तर ती हात सोडीना.

"कासारवाडीला सध्या कुठला पिक्चर लागलाय?" तिने विचारलं.

साहेबराव तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. "तू येणार?"

"न्या की."