क्लिकरवरचे बत्तीस

मित्रांनो, मुठीत मावणारा एक जुना क्लिकर आज तुमच्याशी बोलतो आहे. अंगठ्याने कळ दाबली की माझ्या पोटातला आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूची चकती फिरवली की सगळं पुन्हा शून्य. त्या शून्याची मला फार भीती वाटते.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुठल्याशा दारावर माणसं मोजण्यात जन्म जाईल. पण मला पुष्करसरांनी घेतलं. कॅनडातल्या रेजिनात वाढलेले सर एकेकाळी व्यावसायिक पिचर होते, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारे. दोन शस्त्रक्रियांनंतरही त्यांचा उजवा कोपर सरळ होत नसे. शर्टाचं वरचं बटण ते डाव्या हाताने लावत. लहानपणी त्यांचे चेंडू कुणी मोजलेच नव्हते. म्हणून मिसिसागातल्या मुलांना शिकवताना त्यांनी नियम केला : एका मुलाला दिवसाला फार तर साठ चेंडू, मग सामना गेला तरी चालेल. मुलं मला ‘बॉस’ म्हणत. पालकांचा मात्र माझ्यावर राग.

एका शनिवारी दुपारी अंतिम सामना होता. बारा वर्षांची अनुया फेकत होती. माझ्यावर बत्तीस, त्यामुळे सगळे निर्धास्त. तेवढ्यात तिने हळूच कोपर दाबला. सर तडक तिच्याजवळ गेले.

“दुखतंय?”

“आय ॲम फाइन, कोच.”

“मीही असंच म्हणायचो. सकाळी कुठे होतीस?”

तिने कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या बाबांकडे, शंतनूकडे पाहिलं. “आय पिच्ड फॉर माय अदर टीम. फिफ्टी-एट.”

मित्रांनो, अठ्ठावन्न आणि बत्तीस, म्हणजे नव्वद! मी एकही चेंडू चुकवला नव्हता, तरी माझा आकडा खोटा होता.

शंतनू धावत आला. “अहो पुष्करदादा, ती लीग वेगळी, ही वेगळी! तिकडचा काउंट इकडे कशाला धरता? जिंकायला आता दोनच आउट हवेत!”

“लीग दोन असतील, शंतनू. उजवा हात तिला एकच आहे.”

सरांनी चेंडू काढून घेतला. आम्ही हरलो. शंतनू पाय आपटत निघून गेला. सोमवारी डॉक्टरांनी अनुयाला वर्षभर फेकायला मनाई केली. आणखी थोडे चेंडू पडले असते तर कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली असती, असं ते म्हणाले.

या फेब्रुवारीत सर गेले. आता मी त्यांच्या मुलीच्या, गौरांगीच्या मुठीत असतो. ती मला फार घट्ट धरते. नवा पिचर उभा राहिला की मीही धास्तावतो. हे मूल सकाळी कुठे फेकून आलं असेल, ते मला कुठून कळणार?

म्हणून विनवतो, मला वापरा, पण माझ्यावर विसंबू नका. आधी मुलाला विचारा. आणि उत्तर देण्यापूर्वी त्याने कुंपणाकडे पाहिलं, तर चेंडू त्याच्या हातातून अलगद काढून घ्या.