सालीसकट

"हे नको. याला घाणेरड्या मोज्यांचा वास येतोय."

"वास येणारच. चौदा महिने मुरलंय ते," मी म्हटलं. "पण या सगळ्यांत चवीला तेच बरं."

"तू कधी खाल्लंयस?"

लेकीने नाकावरचा रुमाल न काढता विचारलं. काचेच्या या बाजूला मी, डोक्याला जाळीची टोपी आणि हातात रबरी मोजे. त्या बाजूला ती, गिऱ्हाईक. प्रश्न रास्त होता. बावीस वर्षं मी या दुकानात चीजच्या काउंटरवर उभी आहे, आणि एक तुकडा आपणहून तोंडात टाकलेला नाही. मला किळस येते. मऊ चीजला दमट फडक्याचा वास, निळ्या बुरशीच्या चीजला बंद तळघराचा, शेळीच्या चीजला शेळीचा. चव मला गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरून कळते. रोज घरी गेल्यावर मी लिंबाच्या फोडीने हात चोळते, मग साबणाने, मग पुन्हा लिंबाने. नखांखाली बसलेला वास काही उठत नाही. हिचे वडील होते तोवर माझ्या हातून पाण्याचा ग्लाससुद्धा घ्यायचे नाहीत. टेबलावर ठेव म्हणायचे.

आणि चीज परवडलं, पण माणसं नकोत. चाखायला ठेवलेल्या ताटलीत एकच काडी चारदा खुपसतात. अर्धा तुकडा चावून उरलेला परत ठेवतात. बोटं चाटतात आणि त्याच बोटाने काचेवर टकटक करून म्हणतात, "मावशी, जरा ते दाखवा."

तरी काम मी चोख करते, ते कुणीही सांगेल. चीजवरचं मेण, कापड, कागद, जे काही असेल ते काढल्याशिवाय मी कुणाला चाखायला दिलेलं नाही. बांधलेल्या प्रत्येक पाकिटावर तारीख घालायची आणि तिच्याखाली कापणाऱ्याचा नंबर, असा आमच्याकडे नियम आहे. माझा नंबर सात. तक्रार आली तर थेट साताकडे यावी. बावीस वर्षांत तीन आल्या, आणि त्यांतल्या दोन गिऱ्हाइकांच्याच मूर्खपणाच्या होत्या.

"मग कुठलं देऊ?" मी विचारलं. मागे रांग वाढत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी चार वाजता, लेकीच्या फ्लॅटवर मुलाकडची माणसं येणार होती. तिचं लग्न ठरल्यात जमा होतं. आम्ही मोठी माणसं मात्र पहिल्यांदाच एकमेकांची तोंडं बघणार होतो. तिने बोट दाखवलं. "ते पांढरं मऊ. ते पिवळं, भोकाभोकांचं. आणि ते लाल, गोल."

ती रंग बघून निवडत होती. साडी घेताना बघतात तसं.

"लाल घे, पण मी त्यावरचं मेण काढून देते."

"नको, राहू दे. लाल कड किती छान दिसते! फोटो काढायचेत."

"अगं, मेण आहे ते. खायचं नसतं."

"खाणाऱ्यांना कळतं आई. त्या लोकांना सवय आहे."

मला हसू आलं. हिला स्वतःला कसं कळलं, ते मला आठवत होतं. चार वर्षांची होती. पाळणाघरातून आणली की माझी ड्युटी संपेपर्यंत काउंटरखाली खोक्यावर बसून असायची, फुटलेल्या पाकिटांतले क्रॅकर्स, चीजबरोबर खायची खारी बिस्किटं, कुरतडत. सगळे तिला खारूताई म्हणायचे. एकदा वरून पडलेला मेणाचा लाल तुकडा तिने गुपचूप तोंडात टाकला. गाल फुगलेला आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. मी गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवलं, मोजा काढला, तिच्या हनुवटीखाली तळहात धरला आणि म्हटलं, "थुंक." तिने माझ्याकडे बघितलं आणि हातावर थुंकली. मला त्या वेळी किळस आली नव्हती. आयुष्यात तेवढी एकदाच आली नसेल.

क्रॅकर्सच्या फळीपाशीही तेच. मी म्हटलं साधे खारे घे, चीजच्या चवीत लुडबुड करत नाहीत. तिने कोळशाची पूड घातलेले काळेकुळकुळीत क्रॅकर्स उचलले. लालवर काळं उठून दिसतं म्हणे. मग परत काउंटरपाशी आली, पाकिटं घेतली आणि जाता जाता आवाज उतरवून म्हणाली, "आई, उद्या कामाचं काही बोलू नकोस हं."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"मी सांगितलंय. तू फूड कंपनीत आहेस. क्वालिटीला."

"मी चीज कापते म्हणून लग्न मोडणार आहे का?"

"मोडणार नाही गं. पण मग त्याच्या आई कायम तसंच बघतील."

"कुणाकडे?"

तिने रुमाल पुन्हा नाकाला लावला. "दोन तासांचा प्रश्न आहे आई. प्लीज."

मी बरं म्हटलं. आईला दुसरं काय म्हणता येतं?

रविवारी मी तीन लिंबं संपवली. हात लाल होईस्तोवर घासले. वर अत्तर लावलं, तर वास गेला नाहीच, उलट सडक्या फुलांसारखा झाला. तशीच गेले.

लेकीने टेबल मांडलं होतं, आणि दिसत छान होतं, खोटं कशाला बोलू. मध्ये लाकडी पाट, त्यावर पांढऱ्या, पिवळ्या आणि लाल कडेच्या फोडी, भोवती काळ्या क्रॅकर्सची रांग. फोडी मीच कापलेल्या, सकाळी लवकर येऊन. लाल कड काढू का म्हणून पुन्हा विचारलं तेव्हा तिने नुसते डोळे मोठे केले होते.

विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. आत आल्या आल्या त्यांनी खोलीवर अशी नजर फिरवली, की मी आपोआप सरळ उभी राहिले. बरोबर त्यांचे भाऊ, सगळे त्यांना मामा म्हणत होते, आणि आमचे होणारे जावई. मुलगा गरीब स्वभावाचा वाटला. आईसमोर तर फारच.

"आई फूड कंपनीत आहे, क्वालिटी बघते," लेक म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

"वा! म्हणजे तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार, विहीणबाई?" असं म्हणून त्या पुढचा अर्धा तास बोलत होत्या. कुठल्या देशात कुठलं चीज खाल्लं, तिथे कसं खातात, आपल्याकडे कसं चुकीचं खातात. मामा तोवर खात होते. फोड उचलायची, हुंगायची, आवडली नाही तर परत ठेवायची, मधूनच बोटं चाटायची. काळ्या क्रॅकर्सची पूड त्यांच्या दातांच्या फटींत बसली होती आणि ते हसत होते. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मग विहीणबाईंनी पांढऱ्या चीजची फोड वरच्या सालीसकट तोंडात टाकली.

"लोक ही साल काढून टाकतात," त्या म्हणाल्या. "अडाणीपणा! सालीतच खरी चव असते. सालीसकट खायचं."

ते बरोबर होतं. पांढऱ्या चीजची साल खातात. मी मान डोलावली, आणि तिथेच घोडचूक झाली. क्वालिटीवाल्या बाईने मान डोलावली म्हटल्यावर त्यांना चेव आला. त्यांनी लाल कडेची फोड उचलली, काळ्या क्रॅकरवर ठेवली आणि तीही सालीसकट तोंडात घातली.

मेण तुटत नाही. दातांखाली दबतं, मऊ पडतं, चिकटतं. विहीणबाईंचा जबडा हळू झाला. एका गालातून दुसऱ्या गालात गेलं, परत आलं. पुढच्या दातांवर लाल थर दिसायला लागला. त्यांना कळलं असणार. पण एवढं भाषण झाल्यावर थुंकायचं कुठे? त्यांनी डोळे मिटले आणि गिळलं. घशाखाली उतरताना मला दिसलं.

"अप्रतिम!" त्या म्हणाल्या. "साल जरा चिवट आहे, पण तीच तर मजा."

मग मामांनी खाल्लं. जावयांनी खाल्लं. तिघं माझ्यासमोर बसून मेण चघळत होते, तोंडातून चपचप आवाज येत होता, ओठ लाल, दात काळे. बावीस वर्षांत काउंटरवर इतकं ओंगळ काही बघितलं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं, अहो, ते मेण आहे, काढायचं असतं. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी ते हसत सांगितलं असतं. तोंड उघडलंही. लेक माझ्याकडे बघत होती. तिने मान इतकीशी हलवली. नाही.

मी तोंड मिटलं. किळस आली ती मग त्यांचीच नव्हे, माझीही.

"तुम्ही घेत नाही, विहीणबाई?"

"मला चालत नाही."

"क्वालिटीला असून?" मामा हसले. दातांवरचं सगळं पुन्हा दिसलं.

"आणि तू गं?" विहीणबाई लेकीकडे वळल्या. स्वतःच्या हाताने त्यांनी फोड क्रॅकरवर ठेवली, सगळ्यांत जाड कडेची. "घे. आणि साल काढायची नाही हं. आमच्या घरात तसं चालत नाही."

ती हे खाणार नाही, अशी माझी खात्री होती. या खोलीत मी सोडून ते मेण आहे हे जिला पक्कं ठाऊक होतं, अशी ती एकटीच. काहीतरी कारण सांगेल, पोट बरं नाही म्हणेल, हसून टाळेल. तिने क्रॅकर घेतला आणि अख्खा तोंडात घातला.

गाल फुगला. तोच गाल. तिने एकदा चावलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी काही ठरवायच्या आत माझा हात पुढे गेला. टेबलाच्या वर, तिच्या दिशेने, तळहात उघडा. तोंडातून शब्द निघाला नाही, पण हात थुंक म्हणत होता, आणि तिला ते कळलं. तिने हाताकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, वाकेल.

तिने गिळलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी हसली. "मस्त आहे," म्हणाली.

माझा हात तसाच पुढे राहिला होता. विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आपली खरकटी प्लेट उचलली आणि अलगद माझ्या तळहातावर ठेवली. "थँक्यू हं," म्हणाल्या. त्यांना खरंच वाटलं, मी प्लेटा गोळा करतेय. मामांनी आपली तिच्यावर ठेवली. त्यात दोन चाटलेले क्रॅकर्स होते. जावई अर्धवट उठले, "मी नेतो ना," म्हणाले, पण आईने हात धरून खाली बसवलं आणि त्यांचीही प्लेट वर ठेवली. शेवटची प्लेट लेकीने ठेवली. खाली बघून.

मी चारही प्लेटा आत नेल्या. खरकटं टाकलं, हात धुतले, आणि ओट्यावर राहिलेल्या अर्ध्या लाल गोळ्याचं मेण काढायला घेतलं. सुरी टेकवून गोळा फिरवत गेलं की मेण एका सलग पट्टीत निघतं, मध्ये तुटत नाही. दुकानात नव्या मुलींना ते वर्षवर्ष जमत नाही. स्वच्छ पिवळ्या फोडी करून एका बशीत ठेवल्या. सालीसकटच्या शेवटच्या काही फोडी पाकिटात शिल्लक होत्या, त्या बाजूला सारल्या.

लेक रिकामा पाट घेऊन आत आली. नळाचं पाणी तोंडात घेऊन दोनदा खळखळून चूळ भरली. मग पाठमोरीच म्हणाली, "आई, काही होतं का गं त्याने?"

"नाही. पोटात राहत नाही ते. उद्या निघून जाईल."

"नक्की?"

"नक्की."

ती वळली. माझ्या हाताकडे बघितलं, सुरीकडे, ओट्यावर पडलेल्या लाल पट्टीकडे. वाटलं, आता रडेल, किंवा हसेल, काहीही चाललं असतं. बाहेरून विहीणबाईंची हाक आली, "अगं, अजून आहे का ते लाल? सालीसकट आण हं!"

लेकीने सोललेली बशी उचलली. थांबली. परत ठेवली. पाकिटातल्या लाल कडेच्या फोडी काढल्या, पाटावर ओळीने लावल्या, काळे क्रॅकर्स त्यांच्याभोवती नीट मांडले आणि बाहेर घेऊन गेली. वा वा ऐकू आलं.

सोललेल्या फोडी मी पातळ प्लास्टिकमध्ये बांधल्या, एकही सुरकुती न ठेवता, आणि तिच्या फ्रिजमध्ये पुढेच ठेवल्या. सगळे गेल्यावर, एकटी असताना भूक लागली तर खाईल. दार लावणार होते, पण राहवलं नाही. फ्रिजवर लटकवलेलं पेन घेतलं, पाकीट पुन्हा बाहेर काढलं, त्यावर तारीख घातली, आणि तिच्याखाली सात.