तनुजाचं मडगार्ड

पावसाळ्यात सायकलला मडगार्ड लावायचं नसतं, काढायचं असतं. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथली माती काळी. पाऊस झाला की ती चाकाला धरते, चाकावरून मडगार्डात शिरते, तिथे ठासून बसते आणि दहा पावलांत चाक फिरायचं बंद होतं. उमरीपासून चार किलोमीटरवर आमचं गाव, तिथे माझं सायकलचं दुकान होतं. मृग लागला की दुकानापुढे रांग लागायची. मी मडगार्ड काढायचो, आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव लिहायचो आणि तारेला टांगून ठेवायचो. दसरा झाला की पुन्हा रांग, ज्याचं त्याला लावून द्यायचं. तीस वर्षं हे केलं, कधी एकाचं दुसऱ्याला गेलं नाही.

आणि माझी पोरगी ऐन जुलैत मडगार्ड लावून घ्यायला आली.

तनुजा लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. शुक्रवारी संध्याकाळी ती डाळीच्या टेम्पोत सायकल टाकून आली. सायकल कसली, नुसता सांगाडा. टायर माझ्या अंगठ्याएवढं, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, स्टँड नाही, कॅरेज नाही, घंटी नाही. एका हाताने उचलली तर वर आली. आमच्या वेळी एवढं वजन नुसत्या सीटचं असायचं.

"रविवारी नांदेडहून लातूरपर्यंत सायकलवर जाऊन राहिलो आम्ही. साठ जण," ती म्हणाली. "पूर्ण मडगार्ड नसलं तर लाइनीत उभंच करत न्हाईत. मागच्याच्या तोंडावर चिखल उडतो म्हणून."

"मग लातूरला दुकानं मेली का?"

"दोन दुकानांत नेली. दोघंबी म्हणाले, हिला बसत न्हाई. जागाच न्हाई." मग ती म्हणाली, "म्हणून तुमच्याकडं आले."

तेरा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. फीसुद्धा आईमार्फत. कारण तिला माहीत होतं आणि मलाही. ती नववीत असताना रोज सायकलवर उमरीच्या शाळेत जायची. पोरगी एकटी फिरते म्हणून गावातले चार जण बोलायला लागले. माझा मेहुणा तर घरी येऊन बोलला. मी एका रात्री अंगणातून सायकल नेली आणि विकून टाकली. सकाळी ती दप्तर घेऊन बाहेर आली तर सायकलच्या जागी नुसती चाकाची खूण. पुढच्या आठवड्यात मी तिला किनवटला मावशीकडे ठेवली. ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. काही म्हणाली नाही.

त्या शुक्रवारी झोपताना तिने ती सायकल उचलून घरात नेली आणि पलंगाला टेकवून ठेवली.

"सायकल काय घरात झोपवायची चीज हाय?" मी म्हणालो.

"असू द्या," ती म्हणाली. मला ते फार लागलं.

शनिवारी सकाळी कामाला बसलो. ही सायकल ज्याने बनवली त्याला एकदा आमच्या गावात आणून पायी चालवलं पाहिजे. माझा नियम असा की चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जागा हवी. इथे चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्यात टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये काडेपेटीतली काडी कशीबशी गेली. दोन बोटं घालायला गेलो असतो तर बोटं कापून ठेवावी लागली असती. तिने मागवलेली मडगार्डं प्लास्टिकची, चांगली जाड. ती आत घालावीत तर ब्रेकला अडतात, ब्रेक सोडवावा तर टायरला घासतात. मागेही तेच. बरं, मडगार्ड धरणाऱ्या दांड्या बसवायला चिमट्याला भोकंसुद्धा नाहीत. भोकं पाडायची किंमत वाचवली आणि सायकल महाग विकली!

"व्हिडिओत ते गरम करून दाबतात," तनुजा मोबाइल पुढे करत म्हणाली.

"त्या व्हिडिओवाल्याला बोलव मग."

"बाबा, चिडू नका. न्हाई होत तर तसं सांगा."

न्हाई होत! ह्या तोंडाने मी तीस वर्षांत गिऱ्हाइकाला 'न्हाई होत' म्हणालो नव्हतो. मी करवत उचलली आणि मडगार्ड जिथे ब्रेकला अडत होतं तिथे कापून दोन तुकडे केले. तनुजाने डोळे मिटून घेतले. मग गोडेतेलाचा रिकामा डबा कापला. डब्याचा पत्रा पातळ, पोस्टकार्डाच्या जाडीचा. त्याची वीतभर पट्टी ब्रेकच्या खालून सरकवली आणि पुढचा तुकडा, पट्टी, मागचा तुकडा असं रिबिट मारून जोडून टाकलं. काडीची जागा होती, त्यात पत्रा गेला आणि वर केसभर फट उरली. दांड्यांसाठी नळाच्या पाइपाच्या क्लिपा घेतल्या, आतून जुन्या ट्यूबचं रबर लावलं आणि चिमट्याला आवळल्या. दुपारी तीनपर्यंत दोन्ही चाकं झाली. या काळात माझी बायको तारामती चार वेळा जेवायला बोलावून गेली आणि पाचव्यांदा ताट झाकून ठेवून रुसली.

चाक फिरवलं. कुठेही घासलं नाही. तनुजाने कान जवळ नेला, मग दुसऱ्या बाजूने नेला, आणि हसली. "लातूरच्या दोघांना फोटो पाठवते," ती म्हणाली. त्या हसण्यापायी माझी अक्कल गेली.

तारामती हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आली. "उद्या पोरगी एवढ्या लांबच्या रस्त्याला जाऊन राहिली. आधी म्हसोबाला नेऊन आणा."

आमच्या घरात कुठलंही वाहन लांब निघायचं असलं की आधी शेताच्या बांधावरच्या म्हसोबासमोर न्यायचं, नारळ फोडायचा, मगच रस्त्याला लावायचं. ट्रॅक्टर नेला, मोटारसायकल नेली, भाच्याची जीपसुद्धा नेली. त्यात काही चुकीचं नाही. म्हसोबा डांबरी रस्त्यापासून दोनशे पावलं आत, पांदणीच्या कच्च्या शेतवाटेने. आदल्या दिवशी पाऊस झालेला. तनुजा सायकल खांद्यावर घ्यायला लागली.

"उचलती कशाला?" मी म्हणालो. "चालवत चल. बघू दे लोकांना."

ते लोक म्हणजे पारावर बसलेले तेच चार जण, आता म्हातारे झालेले. त्यांनी बघावं असं मला वाटत होतं. तीस वर्षं ज्या मातीपायी मडगार्डं काढली, त्याच मातीत मी स्वतःच्या पोरीला नवी मडगार्डं लावून घातली. असला मूर्खपणा दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला वर्षभर चिडवलं असतं.

पंधरा पावलं गेली असतील. चाकाने गोळा धरला, केसभर फटीत तो जाणार कुठे? करकर आवाज आला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि तनुजा हँडलवरून चिखलात. मी धावलो. तिला लागलं नव्हतं, पण दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. डब्याच्या पट्टीचे रिबिट उपटून ती कागदासारखी फाटली होती.

"तुमाला म्हायत न्हवतं का हो?" तारामती मागून ओरडली. "सगळ्या गावाची मडगार्डं काढणारा माणूस!"

"नारळ फोड आणि गप बस," मी म्हणालो.

सायकल मी खांद्यावर घरी आणली. तनुजा एक शब्द बोलली नाही. तेरा वर्षांपूर्वीही अशीच बोलली नव्हती, त्यामुळे माझा जीव घाबरा झाला. काडीने चिखल उकरत मी फाटलेली पट्टी बघत होतो. डांबरावर काळी माती नसते, तिथे पत्रा टिकला असता असं म्हणता आलं असतं. पण एखादा खडा अडकला आणि पट्टी अशीच फाटून चाक थांबलं, तर पोरगी चिखलात नाही, डांबरावर पडणार होती, मागे एकोणसाठ जण. डब्याचा पत्रा चालणार नव्हता. तेवढाच पातळ, पण कडक पत्रा पाहिजे होता आणि तो फक्त जुन्या मडगार्डांना होता.

दुकान बंद केलं तेव्हा कुणी न्यायला न आलेली मडगार्डं मी मागच्या शेडमध्ये टांगून ठेवली होती. एकेक काढून बघितलं. संगप्पाचं गंजून चाळणी झालेलं. शिवशंकरचं हातात घेतलं तर तुटलं. सगळी तशीच. शेवटी तारेच्या अगदी टोकाला फडक्यात गुंडाळलेली जोडी होती. ती गंजलेली नसणार हे मला फडकं सोडायच्या आधीच माहीत होतं. दर वर्षी मृगाला मीच तिला तेलाचा हात द्यायचो. लेडीज सायकलची लाल मडगार्डं. आत पांढऱ्या रंगात, माझ्या अक्षरात: तनुजा.

तिची सायकल विकली त्या वर्षीही मी जूनमध्ये मडगार्डं काढली होती. सायकल गेली, ती राहिली. गिऱ्हाईक म्हणाला होता मडगार्डं द्या, तर मी सापडत नाहीत म्हणून सांगितलं.

मागे बघितलं तर तनुजा दारात उभी. हात धुतलेले, पण नखांत काळी माती तशीच.

"दसरा झाला की लावून देतो म्हणला होतात," ती म्हणाली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "लोकांचं ऐकलं. तुझं ऐकाया पायजे होतं."

ती पुढे आली. मडगार्ड माझ्या हातातून घेऊन उलटं केलं, नावावरून बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिलं. "कापा," ती म्हणाली. "पाच वाजून गेले."

मी पत्रा कापायची कातर घेतली. दोन पट्ट्या काढल्या, ठोकून सपाट केल्या. तनुजा दुसऱ्या टोकाला धरून बसली होती. नावाला कातर लागू दिली नाही. नावाची पट्टी पुढच्या चाकाला घेतली. या वेळी रिबिट दोनाऐवजी चार. चाक फिरवलं, मग धरून हिसडलं, वरून पाय देऊन बघितलं. पट्टी हलली नाही. तनुजा अंगणात दोन चकरा मारून आली आणि वळताना बूट मडगार्डाला लागतो म्हणून माझ्याच नावाने ओरडली. मी म्हणालो, "वळू नको मग, लातूर सरळ हाय." तरी दांडी सोडवून खालचं टोक बोटभर छाटून दिलं.

दिवे लागले. पहाटे टेम्पो येणार होता, त्यातून तिला सायकलसकट नांदेडला जायचं होतं. मी सायकल पुसून उचलली आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत नेली.

"कुठं घेऊन चाललात?" तनुजा ओसरीवरून म्हणाली.

"आत. तुझ्या पलंगापाशी."

ती ओसरीवरून उतरून सायकलपाशी आली.

"राहू द्या अंगणातच," ती म्हणाली. "सकाळी तिथंच असंल ना?"

"हाव," मी म्हणालो. "असंल."

मी सायकल पत्र्याखाली भिंतीला टेकवली, ओसरीवरची बाज ओढून आणली आणि सायकलीशेजारी टाकली.