हॅलोताईची गुपचूप मंडळी

"ड्रेस तयार आहे, मॅडम. फिटिंग कसं वाटतंय? कुठे उसवलं नाही ना?" हॅलोताईने फोनवर विचारलं आणि समोर कॉफीचा कप घेऊन उभा असलेला टकलू कॉम्प्युटरवाला चाटच पडला.

कारण ते काही शिलाईचं दुकान नव्हतं. ती होती राष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, आणि हॅलोताई तिथल्या तळघरात, आकडेवारी विभागात बसायची.

"नाही उसवलं? वा, छान!" तिने फोन ठेवला, स्क्रीनवर एका नावापुढे टिचकी मारली. जिवंत. तब्येत ठीक.

"हे काय होतं?" कॉम्प्युटरवाल्याने विचारलं.

"काम होतं. आणि तो कप टेबलावर ठेवू नका, डाग पडतो."

तर तिचं काम म्हणजे बघा, ऐकायला अगदी सोपं. वरच्या मजल्यांवर वॉर्ड, त्याच्याही वर लॅब. लॅबमधली मोठी डोकी ठरवणार कुठलं औषध किती द्यायचं, वॉर्डातली माणसं ते देणार. पण त्या औषधावर माणूस पुढे वीस-वीस वर्षं नीट जगला का, हे कळणार कुठे? तळघरात! कारण तळघरातून हॅलोताई दरवर्षी एकेका पेशंटला फोन लावायची आणि विचारायची, आहात ना? कसे आहात?

तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "जगाला विचारत फिरतेस, जिवंत आहात का. एकदा मलाही विचार की!"

"तुम्ही घोरता. मला तेवढ्यावर कळतं."

पण ह्या कामात एक मोठी गोची होती. पुष्कळ लोकांना हा फोन नको असायचा. बरे झाले, घरी गेले, आणि कॅन्सर झाला होता हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. ऑफिसात नाही, सासरी नाही. ह्यांना हॅलोताई म्हणायची 'माझी गुपचूप मंडळी', आणि त्यांच्यासाठी तिने एकेक सोंग काढलं होतं. बँकेतल्या एका साहेबांसाठी ती गाडीच्या विम्यावाली. "गाडी कशी चालतेय?" म्हटलं की साहेब खालच्या आवाजात "इंजिन झकास" म्हणायचे. एका शिक्षिकाबाईंसाठी ती शाळेतली मैत्रीण. आणि सकाळच्या त्या मुलीसाठी टेलर. म्हणून त्या मुलीचं नावच पडलं ड्रेसवाली. हे सगळं कुठेही लिहिलेलं नाही हं! लिहिलं की फुटलं. सगळं ताईच्या डोक्यात.

ही ड्रेसवाली आठ वर्षांची असताना संस्थेत आली होती, ब्लड कॅन्सर घेऊन. तिच्यासारख्या पोरांना तेव्हा निम्मंच औषध देऊन बघितलं होतं. निम्म्यात भागलं तर पुढच्या पोरांचे हालही निम्मे. पण भागलं की नाही हे त्या पोरांवर जन्मभर नजर ठेवल्याशिवाय कसं कळणार? एक जरी संपर्कातून निसटलं तरी तो अभ्यास तेवढा लंगडा व्हायचा. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिची आई तळघरात येऊन ढसाढसा रडली होती. "त्यांना कळलं तर मोडतील हो." आणि हॅलोताईने शब्द दिला होता, माझ्याकडून कळणार नाही.

आणि आता कॉम्प्युटरवाला आला होता मशीन बसवायला. सोमवारपासून फोन मशीन करणार. त्याने मोठ्या कौतुकाने आवाज ऐकवला. "नमस्कार. आपण राष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचे रुग्ण आहात. आपण जिवंत असल्यास एक दाबा."

"आणि नसल्यास?" हॅलोताईने विचारलं.

तो खरंच विचारात पडला.

ती तडक जिना चढून विभागप्रमुखांकडे गेली. त्यांना सगळे आकडेसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त तळघर सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती.

"साहेब, तुमच्या मशीनला कळतं का फोन कुणी उचलला? नवऱ्याने उचलला तर? सासूने उचलला तर?"

"ताई, तुमचे जेवढे फोन महिन्यात होतात तेवढे ते एका सकाळी करतं. आणि तुम्ही रिटायर झाल्यावर काय करू? तुमचं डोकं काढून कपाटात ठेवू?"

"माझी गुपचूप मंडळी मशीनला मिळणार नाहीत."

"नंबर संस्थेचे आहेत."

"मग घ्या नंबर! त्या मुलीच्या आईला मी शब्द दिलाय, तो कसा काढून घेता ते बघते मी!"

आणि धाडकन दार लावून ती खाली आली. डोक्यात एकच, सगळ्यांना आत्ताच्या आत्ता सावध करायचं. विम्यावाली म्हणून बँकेतल्या साहेबांना फोन. मैत्रीण म्हणून शिक्षिकाबाईंना फोन. मग ड्रेसवालीला. तिकडून पुरुषाचा आवाज आला, तिचा नवरा. आणि हॅलोताई त्याच झोकात बोलून गेली, "मी तिची शाळेतली मैत्रीण बोलतेय. जरा देता का तिला?"

"मैत्रीण? हा नंबर तर टेलर म्हणून सेव्ह आहे. सकाळी टेलर, दुपारी मैत्रीण? कोण आहात तुम्ही? कुणासाठी फोन करताय माझ्या बायकोला?"

झालं! खरं सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर तो भलतंच समजून बसलाय. इतकी वर्षं इतक्या घरांत बेमालूम शिरलेली तिची जीभ, नेमकी आत्ता टाळ्याला चिकटली.

"राँग नंबर," ती कशीबशी म्हणाली.

"राँग नंबर कसला? थांबा!"

मागून आवाज आला, "दे इकडे. दे म्हणते ना!" मग फोनवर ड्रेसवाली, धाप लागलेली. "ताई, तुम्हीच ना? कॅन्सर इन्स्टिट्यूट?"

"अगं, हळू बोल, तो..."

"नाही बोलणार हळू. जिन्यात जाऊन कुजबुजायचा कंटाळा आलाय मला." आणि ती अशी कडाडली की ताईने रिसीव्हर कानापासून लांब धरला. "आठव्या वर्षी मला ब्लड कॅन्सर झाला होता. मी बरी झाले. मी जिवंत आहे. लिहा, ताई!"

"काय बोलतेस तू हे?" मागून नवरा.

"ऐकलंस ना? तेच. ताई, लिहिलंत का?"

"लिहिलं गं," हॅलोताई म्हणाली. फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली. सगळं स्वतःच सांगितलं, काही म्हणजे काही न लपवता.

आकडेसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. डोक्याचा भरवसा नाही."

"नाहीच. चूक माझी. पण माझी चूक एका घरात झाली, साहेब. तुमच्या मशीनची सगळ्या घरांत एकदम होईल, आणि ते परत 'धन्यवाद' म्हणेल! कुणाला सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आधी एकेकाला विचारा. चालेल म्हणतील त्यांना लावा तुमचं मशीन."

"आणि नाही म्हणतील त्यांना?"

"मी आहे. बसवा कुणालातरी माझ्याशेजारी, शिकवते."

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर रोज सकाळी येईन. इथेच. ह्याच खुर्चीत बसेन."

साहेबांनी खुर्चीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती बसली असती, त्यांना माहीत होतं. शेवटी शेजारी कुणाला बसवलं, सांगा? कॉम्प्युटरवाल्याला! तो गॅरेजवाला झाला. त्याच्या घोगऱ्या आवाजात "ब्रेक लागतायत ना?" इतकं झक्क बसायचं की बँकेतले साहेब परस्पर त्याच्याकडे गेले.

वर्ष झालं. ड्रेसवालीचा नंबर पुन्हा समोर आला. हॅलोताईने दोनदा फोन उचलून खाली ठेवला. मग लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. "बोला ताई. आहे मी. तब्येत ठणठणीत."

"आणि घरी गं?"

"पत्ता बदललाय. लिहून घ्या." तिने सांगितला. औषधांच्या दुकानावरची एक खोली. "दारावर माझ्या एकटीचंच नाव आहे. पोस्टमन चुकणार नाही."

"बाळा, त्या दिवशी माझ्यामुळे..."

"ताई, एवढी वर्षं शिवताय तो ड्रेस. झाला की नाही अजून?"

हॅलोताई हसली, पण हसता हसता नाक पुसावं लागलं. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, तो सगळ्यांनाच विचारावा लागतो. "तुझा फोन लागला नाही तर दुसरा कुणाला लावायचा?"

"कुणाला नाही. मीच उचलेन."

ताईने तो रकाना मोकळा सोडला आणि टिचकी मारली. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, हा रकाना रिकामा चालणार नाही.

हॅलोताईने त्यात लिहिलं, "स्वतः".