तेल मारुतीला, भाकर बाजीला

बाजीच्या पाठीवरचे केस झडायला लागले, तेव्हा नरहररावांनी पहिला दोष स्वतःला दिला. ती त्यांची जुनी खोड होती. चहात साखर कमी पडली तरी आपलीच जीभ बिघडली असेल, असं समजून ते गुपचूप पिऊन टाकत.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. बदनापूरहून रोज रेल्वेनं जाणं-येणं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी हार-नारळ घेऊन परतताना स्टेशनावरून एक पिल्लू मागं मागं आलं आणि सरळ घरातच शिरलं. नाकापासून शेपटीपर्यंत काळंकुट्ट, औषधालाही पांढरा केस नाही. त्याचं नाव ठेवलं बाजी. निवृत्तीनंतर नरहरराव मोकळे व्हायचे ते फक्त पुस्तकांपाशी आणि बाजीपाशी. "माझा नंबर तिसरा," असं रमाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आता तो बाजी दिवसभर भिंतीला पाठ घासत होता. मुलानं, केदारनं, पुण्याहून कुत्र्याचं भारी खाणं पाठवलं, वर केस यावेत म्हणून पावडरचा डबा पाठवला. उपयोग शून्य. मग एके दिवशी त्यानं फोनवर सांगून टाकलं, की बाबा, तुमच्याच्यानं आता हे होत नाही. दिवाळीला येईन तेव्हा बाजीला मित्राच्या शेतावर नेऊन सोडतो, तिथं बघायला माणसं आहेत. नरहरराव "बरं" म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि खाण्याची पिशवी उलटी केली. बियाण्याच्या पिशवीवर पुढं टपोऱ्या कणसाचं चित्र असतं, पण पिशवीत खरं काय आहे ते मागच्या बारीक अक्षरांत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. इथंही तसंच निघालं. पुढं कोंबडीचं रसरशीत चित्र. मागं यादीत सगळ्यांत आधी मका, मग भुसा, मग रंग आणि चव आणणारे पदार्थ. कोंबडी शेवटच्या बाकावर बसली होती. पावडरच्या डब्यात साखर होती. केदार शिकलेला, पुण्यात राहणारा. आपल्याला काय कळतं, असं म्हणत त्यांनी पिशवी दोनदा जागेवर ठेवली आणि दोनदा काढली. शेवटी रिक्षा करून बाजीला, रमाबाईंना आणि त्या पिशवीला जालन्याला जनावरांच्या डॉक्टर तृप्ती यांच्याकडे नेलं.

डॉक्टरांनी बाजीला तपासलं, लेबल वाचलं आणि पिशवी बाजूला सारली. पोट बिघडलंय म्हणून कातडी बिघडलीय, म्हणाल्या. सगळीच पाकिटं वाईट नसतात, पण हे घेऊ नका. घरचं, साधं, ताजं खाणं द्या, कांदा-लसूण न घालता. अंडं उकडून, डांगर म्हणजे लाल भोपळा वाफवून, थोडं दही, ज्वारीची भाकरी. केसांसाठी चिमूटभर जवसाची पूड. नवीन काही द्यायचं तर एका वेळी एकच. आणि आणखी काय काय खातो हा, असं त्यांनी दोघांनाही विचारलं. दोघांनी आठवून आठवून सगळं खरं सांगितलं.

रमाबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नव्हतं. त्यांनी एक जुनं पातेलं आणि बारकी शेगडी मागच्या ओट्यावर काढून दिली आणि तोंड फिरवून बसल्या. नरहरराव शिजवायला लागले. जवस भाजताना पहिल्यांदा जळला, डांगराचा लगदा झाला; पण बाजी ताट चाटून पुसून ठेवायचा. हळूहळू खाज उतरली. नरहररावांच्या मनात दबकत दबकत आशा आली.

आणि रविवारी बाजीनं ओकारी काढली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. चार-पाच दिवस बरा, रविवारी पोट बिघडलेलं, सोमवारी खाज. नरहररावांनी जवस बंद केला. मग दही. मग अंड्यावर संशय घेतला. बियाणं चांगलं, जमीन चांगली, मग पीक का जळतंय? चूक आपल्याच हाताची, असं ठरवून ते केदारला फोन करून हार मानायच्या बेताला आले होते.

शनिवारी सकाळी ते नेहमी वाचनालयात जाऊन बसत. त्या शनिवारी वाचनालयाचे पत्रे दुरुस्तीला काढलेले, म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. बघतात तर फाटकापाशी बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात गरम भाकर, वर गूळ, आणि भाकर तेलात अशी न्हालेली की कोपरापर्यंत ओघळ आलेला. सगळ्यांत पुढं शेजारच्या तुळजाबाई. बाजी मिटक्या मारत एकेक भाकर उडवत होता.

ते थेट घरात गेले. हे कधीपासून चाललंय, असं त्यांनी रमाबाईंना विचारलं. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची भाकर घातली की साडेसाती सौम्य होते, आणि गल्लीत इतका काळा कुत्रा दुसरा नाही, त्यामुळं तो मोठा झाल्यापासूनच, असं त्या म्हणाल्या.

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"अहो, त्यांनी खाणं विचारलं," रमाबाई म्हणाल्या. "हे खाणं कुठंय? हे दान आहे."

पुढच्या शनिवारी नरहररावांनी बाजीला आत कोंडलं. तुळजाबाईंनी खिडकीतून भाकर दिली. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र नरहररावांनी वाचनालयाचं नाव काढलं नाही. पहाटेपासून ते ओट्यावर येरझाऱ्या घालत मनाशी वाक्यं जुळवत होते. रांग लागली तसे ते फाटकात जाऊन उभे राहिले आणि जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"सरका ना भाऊ," तुळजाबाई म्हणाल्या, "भाकर निवून राह्यली."

ह्या तेलानंच बाजी आजारी पडतोय, असं ते कसंबसं बोलले. मागं खसखस पिकली. तुळजाबाईंनी पदर खोचला.

"तुमच्या पुस्तकात शनिदेव न्हाई दिसत. माझ्या प्रितमला साडेसाती चालू हाये. पोरगा मिलमधी चिकटता चिकटता राह्यला. मी दान बंद करते, मंग त्याची साडेसाती तुम्ही घेता का अंगावर?"

"घेतो," नरहरराव म्हणाले.

आपल्या तोंडून काय गेलं हे त्यांचं त्यांनाच क्षणभर कळलं नाही. पण शब्द बाहेर पडला होता, आणि त्याच्या मागं बाकीचे आपोआप यायला लागले.

"प्रितमची घेतो, ह्या सगळ्यांची घेतो. माझं वय झालं, शनीला माझ्याकडून आता काय मिळणार? पण तुळजाबाई, ज्याच्या तोंडात दान घालता तोच पोट धरून पडतो, तर ते दान पोचतं कुठं? दान बंद करा असं मी म्हणत नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहतोच ना आपण? मग तेल मारुतीला, भाकर बाजीला. कोरडी."

इतकं ते लग्नातसुद्धा बोलले नव्हते. रमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणाच्याही अध्यात-मध्यात न पडणारी ती बाई खाली उतरली आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन थांबली.

तुळजाबाईंनी हातातल्या भाकरीकडं बघितलं, मग बाजीच्या उघड्या पाठीकडं. "तोंडात मूग धरून बसणारा माणूस," त्या म्हणाल्या, "इतकं बोलला म्हंजी कायतरी असंल बाई." घरी जाऊन त्यांनी कोरडी भाकर आणली. बाजीनं ती त्यांच्या हातून घेतली आणि शेपटी हलवत कुरुकुरु खाल्ली. "खातोय की," म्हणून त्या हसल्या, आणि तेलाची वाटी घेऊन मारुतीकडं चालत्या झाल्या. रांग त्यांच्या मागं गेली.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. नरहररावांनी दही परत सुरू केलं, मग अंडं, मग जवस. डॉक्टरांनी सांगितलं तसं एका वेळी एक. दसऱ्यापर्यंत पाठीवर मऊ लव आली. गल्लीतल्या बायका आता भाकरीसोबत वाफवलेलं डांगर आणू लागल्या. कांदा लागलेलं काही आलं तर तुळजाबाईच परत पाठवत.

दिवाळीला केदार आला, नवा पट्टा आणि खाण्याची मोठी पिशवी घेऊन. नेमका शनिवार. फाटकात रांग, आणि रांगेच्या तोंडाशी बसलेला कुत्रा असा काळाभोर आणि तुकतुकीत, की केदारनं विचारलं, बाजी कुठंय?

पट्टा बघून तुळजाबाईंनी त्याला अडवलं. "ह्याला नेतो म्हंतोस? मंग आम्ही शनिवार काय तुझ्यापाशी करावा? तू तर गोरा हायेस."

सगळी रांग हसली. केदार बापाकडं बघायला लागला.

"बाजी कुठं जाणार नाही," नरहरराव म्हणाले. ह्या वेळी त्यांना वाक्य जुळवावं लागलं नाही.

केदारनं पट्टा दाराच्या खुंटीला अडकवला. ओट्यावर बसून त्यानं आणलेली पिशवी मांडीवर घेतली, पुढचं चित्र बघितलं, मग ती हळूच उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागला. नरहररावांनी आपला चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

तिकडं देवळात मारुती तेलानं चकाकत होता. इकडं फाटकात बाजी चकाकत होता, तेलाच्या थेंबाशिवाय.