चोवीस चिंचोके

“कावळा शिवला,” चतुराबाईनं अंगणातूनच सांगितलं आणि गोधडी घेऊन ती गोठ्यालगतच्या छपरीत जाऊन बसली.

मोठी जाऊ प्रयागबाई जवारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. “कावं चतुरे, या महिन्यात तिसऱ्यांदा? रिठदातले सारे कावळे तुलेच ओळखतात काय?”

“वय झालं बाई. या वयात कावळ्याले पंचांग नाही राहत.”

हे अर्धं खरं होतं. चतुराबाई शेहेचाळीस वर्षांची. पाळी कधी दोन महिने गुंगारा देई, कधी पंधरवड्यात दारात हजर. उरलेलं अर्धं खरं नवऱ्याच्या, जगदेवच्या, कानात होतं. केनवडच्या बाजारातून तो अत्तर आणी. कानात फाया दिसला की दिवेलागणीच्या आत चतुराबाईला कावळा शिवलाच. विटाळशीला कुणी शिवायचं नाही, हा नियम काही तिनं केला नव्हता. तो मोठमोठ्या जाणत्या पुरुषांनी केला होता. ती फक्त मनापासून पाळत होती.

नऊ बाळंतपणांत चार लेकरं हाती लागली होती. नवव्या वेळी मूल गेलं आणि ती स्वतः दोन दिवस बाजेवर निपचित. प्रयागबाईनं तर शेवटचं म्हणून हिरवं लुगडंही काढून ठेवलं होतं.

बाजाराला आलेल्या सरकारी नर्सबाईनं तिला बजावलं होतं, “पाळी लांबली म्हणजे संपली, असं समजू नकोस. दिवस मोजूनही भागणार नाही, तुझं चक्रच बिघडलंय. पन्नाशीच्या आत आहेस. लागोपाठ दोन वर्षं एकदाही आली नाही, तरच सुटलीस.”

देशाला स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली होती. चतुराबाईला अजून दोन लागणार होती. कोरडा गेलेला दर महिना ती छपरीतल्या फुटक्या गाडग्यात एक चिंचोका टाकून मोजू लागली.

तशात सून बाळंतपणाला इंझोरीला माहेरी गेली. प्रयागबाईची चूल वेगळी. जगदेवला परातीपुढं बसावं लागलं. त्याची पहिली भाकर नांगरलेल्या वावरासारखी निघाली.

“नाटकं करून राह्यली तू!” तो छपरीपुढं येऊन ओरडला. “संपलं तुयं सारं, मले ठाऊक आहे. दुसरी करून आनीन!”

“आना ना. पन तिलेबी कावळा शिवन, सांगून ठेवते.” मग ती उठून उभी राहिली. “एकदा मरता मरता वाचली मी. पुन्हा मरायले नाही येत घरात.”

गाडग्यात आठ चिंचोके झाले आणि एक दिवस कावळा खरोखरच शिवला. चतुराबाईनं आठही चिंचोके उकिरड्यावर फेकले. बाया जे फडकं लपवून वाळवतात, ते तिनं धुऊन भर अंगणात, काटेरी कुंपणावर पसरलं.

“संपलं म्हनत होते ना?”

जगदेवनं फडक्याकडं पाहिलं. तो आत गेला आणि त्यानं चूल पेटवली. पुढच्या बाजारातून अत्तराऐवजी नवा तवा आला; सून लेकरू घेऊन परतल्यावरही भाकरीचं काम त्याच्याकडंच राहिलं. तरी चतुराबाई अधूनमधून बसतच राहिली; तिचा भरवसा गाडग्यावर होता, नवऱ्यावर नव्हता.

आणखी दोन वर्षांनी तिनं गाडगं जगदेवच्या ओंजळीत उपडं केलं.

“मोजा.”

“चोवीस,” तो म्हणाला. “मंग?”

“आता नाही शिवत कावळा.”

जगदेवचा हात कानाकडे गेला आणि तसाच खाली आला. देवळीतली अत्तराची कुपी कधीच वाळून गेली होती. चतुराबाईनं छपरीतली गोधडी झटकली, आत आणली आणि चुलीशी पाट ओढला. जगदेव परातीवरून उठू लागला.

“उठू नका,” ती म्हणाली. “आज मी आत बसते. भाकर तुमीच टाका.”

भाकर गोल उतरली, टम्म फुगली. पहिली तिच्या ताटात पडली. चतुराबाईनं ती दोन्ही हातांनी उचलली. चटके बसत होते, तरी तिनं खाली ठेवली नाही.