चौदावी ओळ

टाचणीच्या डोक्यावर गंजाचा ठिपका होता, नखानं खरवडला तरी जात नव्हता. सकाळपासून ती त्याच्या बोटांत फिरत होती — या कचेरीत टाचणीला काम ते काय? ‘टाचणी लागलेला कागद मी वाचत नाही,’ हे साहेबांचं ब्रीद. आणि तो, एका पानात जग बसवणारा म्हणून नावाजलेला! गेल्या वर्षी, शाश्वत शेतीला तीन शेजारी देशांची सरकारं काय काय मदत देतात — बियाणं, शेणखत, प्रशिक्षण, हमीची खरेदी — सगळं त्यानं एका तक्त्यात कोंबलं. अक्षर बारीक केलं, समास आवळला, तरी चौदावी ओळ घसरून दुसऱ्या पानावर जाऊन बसली. एकटीच. मग ती त्यानं काढून टाकली.

रासायनिक खत एकदम बंद केलं की पहिले तीन हंगाम पीक घटतं, त्याची भरपाई. दोन देश देतात. तिसऱ्यानं दिली नाही, आणि दुसऱ्याच वर्षी तिथली निम्मी शेतं पडीक... एवढीच ती ओळ. साहेब खूश झाले. तेरा ओळींवरून तेरा कलमांची योजना झाली. भरपाईचं कलम कोणाला सुचणार, आडातच नाही तर!

दुपारी गावाहून दादाचा फोन आला. घरची शेती तोच बघतो.

“अरे, उरलेली खताची पोती परत करून आलो. सगळं रान तुमच्या योजनेत घातलं. उद्या पेरणी.”

“सगळं?”

“तुझी वहिनी म्हणत होती, निम्मं मागे ठेवा. म्हटलं, घरच्या माणसानं आखलेली योजना, तिथं कसली शंकेची पाल!”

“...बरं केलंस.”

बरं केलंस! हे तोंडातून गेलंच कसं? फोन ठेवला तरी कानात तेच. लहानपणी वाफ्याचं पाणी बंद करायचं तो विसरला होता, रोपं बुडून पिवळी पडली होती, आणि वडील ओरडत आले तेव्हा दादा पुढे होऊन म्हणाला होता, मीच विसरलो. त्या दिवशीही तो गप्प राहिला होता... तेव्हा निदान नऊ वर्षांचा होता.

खणातून त्यानं ते दुसरं पान काढलं. पहिल्याला जोडून टाचणी खुपसली; ती आरपार जाऊन बोटात घुसली. साहेबांचं दार बंद होतं. फोन हाताशी होता, उद्यापर्यंत वेळही होता. पण सांगायचं काय — की जागा नव्हती?

आणि नाही सांगितलं तर रान पिवळं पडेल, वहिनी बोलेल, आणि दादा तिला समजावेल, माझंच चुकलं. इकडे फोन करून एका शब्दानं विचारणार नाही. त्याला पहिल्यांदाच दादाची भीती वाटली.